गाव सुटले, पण कागद सुटले काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा खरपूस समाचार घेतला होता. खेडे म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता यांचे आगर, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. समाजाने ते मनावर घेतले. पहिली पिढी गावकीची कामे टाकून मुंबई-पुण्याला गेली, दुसरी शिकून सरकारी नोकरीत शिरली आणि तिसऱ्या पिढीतली मुले आता दुबई, सिंगापूर, बँकॉकपर्यंत पोचली आहेत. ही प्रगती कुणाच्या मेहेरबानीने झालेली नाही. परंतु गाव सोडून तीन पिढ्या झाल्या तरी आपल्या हक्काचा कागद मात्र गावातच अडकून पडला आहे. बँकॉकच्या विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसालाही आपण कोण आहोत हे सिद्ध करायला आजोबांच्या गावच्या दप्तराकडेच यावे लागते. या विषयाकडे चळवळीने अजून हवे तेवढे लक्ष दिलेले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही चर्चा राळेगणसिद्धीपासून सुरू करण्याला कारण आहे. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. पोटासाठी मुंबई-पुण्याची वाट धरणे इथल्या माणसाला नवे नाही. याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे नाव माहितीच्या अधिकाराशी कायमचे जोडले गेले. महाराष्ट्राचा २००० सालचा माहिती अधिकार कायदा दुबळा होता. त्याच्या जागी २००२ चा कायदा आला आणि ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे यांनी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले, तेव्हा कुठे राष्ट्रपतींच्या मंजुरीची गाडी हलली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने मजुरांच्या हजेरीपटासाठी दिलेला लढा तर त्याच्याही आधीचा. पुढे २००५ चा केंद्रीय कायदा झाला. अण्णांच्या २०११ च्या जनलोकपाल आंदोलनाबाबत आंबेडकरी चळवळीने जे आक्षेप घेतले, ते आम्हाला आजही मान्य आहेत. संसदीय मार्ग उपलब्ध असताना संसदेलाच वेठीस धरणे बाबासाहेबांच्या शिकवणीत बसत नाही. पण म्हणून हाती आलेले हत्यार आपण का टाकून द्यावे? माहितीचा अधिकार कुणा एका व्यक्तीची जहागीर नाही, तो नागरिकाचा अधिकार आहे. प्रश्न एवढाच की, देशाबाहेर गेलेल्या आपल्या माणसाला तो किती उपयोगी पडतो?

पारनेर तालुक्यातल्या एखाद्या बौद्धवस्तीतला तरुण नोकरीसाठी बँकॉकला गेला आहे असे समजू. तिथला कारभार कसा आहे? थायलंडचा १९७९ चा इमिग्रेशन कायदा मोठा कडक आहे. ९० दिवसांहून अधिक राहणाऱ्या परदेशी माणसाने दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. घरमालकाने परदेशी भाडेकरू आल्याची खबर २४ तासांत द्यायची. नोकरी करायची तर वर्क परमिट वेगळे. मुदत संपूनही राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २० हजारांपर्यंत. कुटुंबाच्या नोंदीचे घरपुस्तक असते, तेही स्थानिकांचे निळे आणि परदेशी माणसाचे पिवळे! थोडक्यात, तू परका आहेस याची आठवण तिथले सरकार सतत देत राहते. मात्र त्यात एक गोष्ट निश्चित असते. काय करायचे, किती दिवसांत करायचे आणि चुकले तर किती दंड, हे आधी ठाऊक असते. तुझ्या आजोबाची जात कोणती, हे तिथला कारकून विचारत नाही.

पण बौद्ध देश म्हटला की आपली माणसे भारावून जातात, तेही बरे नव्हे. त्याच थायलंडच्या डोंगराळ भागात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या लाखो आदिवासींना नागरिकत्वाचे ओळखपत्र मिळालेले नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने सुमारे ४ लाख ८३ हजार लोकांसाठी प्रक्रिया सोपी करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे इतकी माणसे आपल्याच भूमीत कागदावाचून परकी होती! पंचशील देशाच्या ध्वजावर असो की विहाराच्या भिंतीवर, दप्तर ज्याच्या हाती त्याची सत्ता, हा नियम तिथेही लागू आहे.

आता आपल्या सरकारकडे वळू. परदेशी जाण्याच्या दारातच भेद सुरू होतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे तपासणी आवश्यक, असा शेरा येऊ लागला. ज्या अठरा देशांत नोकरीला जाताना ही तपासणी करायची, त्या यादीत आखाती देशांबरोबर थायलंडही आहे. हेतू संरक्षणाचा, हे मान्य. पण संरक्षण मिळाले काय? दलाल पोराला पर्यटक म्हणून थायलंडला उतरवतो आणि तिथून म्यानमारच्या हद्दीतल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यावर नेऊन विकतो. १० आणि ११ मार्च २०२५ रोजी थायलंडच्या माए सोत येथून वायुदलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. यात दहावी नापासच नव्हे, संगणक शिकलेली मुलेही अडकतात. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच या बनावट नोकऱ्यांविषयी इशारा दिला होता. तो वाड्यावस्त्यांपर्यंत पोचवण्याचे काम कुणी केले?

रीतसर नोकरीला गेलेल्याचे हाल वेगळे. त्याला बँकॉकमध्ये मूल झाले. नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, डिसेंबर २००४ पासून, परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत करावी लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी घ्या. गावाकडे वडील वारले आणि घरजागेची वाटणी निघाली, तर मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर किंवा आपल्या वकिलातीत करून पाठवायचे आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा. आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी कित्येकांनी हे मुखत्यारपत्र वर्षभर कपाटात ठेवलेले असते. स्वतः यायचे म्हटले तर थायलंड सोडण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो. तो न घेता विमानात बसला तर तिथली राहण्याची मुदतवाढच रद्द! मतदानाचेही तेच. २०११ पासून परदेशस्थ नागरिकाला पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारयादीत नाव घालता येते, पण २०२४ च्या लोकसभेलाही त्याला मतदान केंद्रावर स्वतः हजर राहूनच मत द्यावे लागले. विमानाचे भाडे ज्याला परवडते त्याचेच मत.

हे सर्व जातीच्या सर्व परदेशस्थांना भोगावे लागते. पण आपल्या माणसाच्या वाट्याला एक जास्तीचे ओझे येते, ते जातीच्या दाखल्याचे. त्याच्या मुलाला उद्या महाराष्ट्रात आरक्षित जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची वैधता लागते. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५०. त्या दिवशी कुटुंब कोणत्या गावचे रहिवासी होते, याचा पुरावा द्या! घटनेच्या कलम ३४१ मध्ये जातींची यादी राज्यनिहाय आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केले की, दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्याला तिथे सवलत मिळणार नाही. म्हणजे माणूस कुठेही जावो, हक्क मूळ गावाला बांधलेला. त्यात महाराष्ट्राच्या २००० च्या जात पडताळणी अधिनियमाच्या कलम ८ ने सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच टाकली.

१९५० साली महारवाड्यातल्या माणसाकडे कोणता कागद होता? शाळेत गेलेला नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. त्याचा उल्लेख सापडला तर कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, आणि तोही बहुधा मोडी लिपीत. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर शाळेच्या रजिस्टरात अनेकांनी अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या खऱ्या, पण पडताळणीच्या टेबलावर जुनी जात दाखवणारा कागद मागितला जातोच. जी ओळख आपण नाकारली तिचाच पुरावा शोधत फिरायचे! त्यात २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या दाखल्यावर एक जिल्हा आणि नव्यावर दुसरा. नावाच्या वादात आम्हाला पडायचे नाही, पण परदेशातल्या कार्यालयाला दोन्ही जिल्हे एकच असल्याचे कुणी समजावायचे?

इथे माहितीचा अधिकार कामी येतो. कायद्याच्या कलम ३ नुसार तो सर्व नागरिकांना आहे. नागरिक कुठे राहतो याला महत्त्व नाही, भारतीय पासपोर्ट कायम असला म्हणजे झाले. कारण सांगण्याची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे, अन्यथा पहिले अपील, मग राज्य माहिती आयोग. फी दहा रुपये. पण हे दहा रुपये बँकॉकहून भरायचे कसे, यावरच पूर्वी घोडे अडत असे. मार्च २०१३ मध्ये परदेशस्थांसाठी ई-पोस्टल ऑर्डर सुरू झाली, तीही केंद्रीय खात्यांसाठी. आपला कागद असतो तहसील कचेरीत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत, म्हणजे राज्याच्या ताब्यात. दिल्लीची माहिती मिळणे सोपे आणि पारनेरची अवघड, असा हा उफराटा न्याय आहे. भरीस भर म्हणून २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधील वैयक्तिक माहितीचा अपवाद अधिक रुंद केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. चुलत्याच्या वैधतेची प्रत मागणाऱ्याला ‘ही खासगी माहिती आहे’ असे उत्तर देणे आता सोपे झाले आहे. कलम ८(२) मधील व्यापक जनहिताची तरतूद अजून शिल्लक आहे. अपिलात तिच्यावरच भर द्यावा लागेल.

दप्तर शोधणे सरकारला जमत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीखाली कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला. गावोगावची कोतवाल बुके उघडली गेली, मोडी वाचक लावले गेले, लाखो नोंदी काढून संकेतस्थळांवर टाकण्यात आल्या. ज्यांच्या नोंदी सापडल्या त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न साधा आहे. त्याच कोतवाल बुकांच्या पानांवर महार, मांग, चांभार यांच्याही नोंदी आहेत. पान उघडले, छायाचित्र घेतले, मग त्याच पानावरची आपली ओळ का वगळायची? संख्याबळ असलेल्यांसाठी दप्तर घरी चालत येते आणि आपण दप्तराच्या दारात उभे राहायचे, ही कुठली समता?

म्हणून चळवळीने दोन पातळ्यांवर काम केले पाहिजे. सरकारकडे मागणी करावी की, १९५० पूर्वीच्या सर्व अनुसूचित जातींच्या नोंदी माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे स्वतःहून खुल्या कराव्यात. रक्ताच्या नातलगाची वैधता असेल तर पुन्हा चौकशीचा फार्स करू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० च्या अपूर्वा निचळे प्रकरणात, फसवणूक नसेल तर, हाच मार्ग दाखवला आहे. आणि परदेशस्थ अर्जदाराची सुनावणी व्हिडिओवर घ्यावी.

दुसरे काम आपले स्वतःचे. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार कागदपत्रांसाठी राखून ठेवा. परदेशी निघालेल्या मुलाने विमानाच्या तिकिटाआधी आजोबांच्या नोंदीची प्रमाणित प्रत, कुटुंबातील एकाची तरी वैधता आणि विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून जावे. नोकरीचा कागद वकिलाला दाखवावा. गावात राहिलेल्या कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरासाठी दहा रुपयांचा एक अर्ज भरावा. मुले गावी नसतील, पण अर्ज करणारा गावातच आहे आणि कायदा त्याच्या बाजूने आहे. जयंतीच्या वर्गणीतून यासाठी थोडा पैसा बाजूला काढला तर ती बाबासाहेबांना खरी आदरांजली ठरेल.

जयभीम!