फाटकावरचा क्रॉस आणि मागचं दार

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी आईबापांना एका प्रकारच्या शाळेची भारी ओढ असते. सरकारी, म्हणजे फी नाही. फक्त मुलग्यांची, म्हणजे अभ्यासावरचं लक्ष उडणार नाही अशी समजूत. आणि चर्च ऑफ इंग्लंडची, म्हणजे ब्लेझर, टाय, शिस्त, सकाळची प्रार्थना. तिन्ही गोष्टी एका शाळेत सापडल्या की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकाल लागतो : ‘मस्त शाळा आहे, डोळे झाकून टाका.’

मी डोळे झाकून टाकणार नाही. माझा मुलगा सहावीत आहे. लंडनमध्ये माध्यमिक शाळेसाठी सहा नावं पसंतीक्रमाने भरता येतात, ३१ ऑक्टोबर ही शेवटची तारीख असते आणि १ मार्चला एक शाळा पदरात पडते. त्यासाठी गेले काही महिने मी शाळा बघत फिरते आहे आणि माझं एक मत पक्कं झालंय. अशा शाळेची पारख तिच्या प्रार्थनेवरून, इमारतीवरून किंवा निकालावरून करू नये. ती दोन दारांवरून करावी. पुढच्या दारातून कोणाला आत घेतात, आणि मागच्या दारातून कोणाला गुपचूप बाहेर काढतात.

पैसा कोणाचा?

१८११ साली नॅशनल सोसायटी नावाची संस्था निघाली. गरिबांच्या मुलांना चर्चच्या तत्त्वांनुसार शिकवायचं, हा तिचा उघड हेतू. शाळांसाठी सरकारी अनुदानाचा पहिला पैसा आला तो १८३३ मध्ये. म्हणजे सरकारच्या आधी चर्च या कामात उतरलं होतं, हे श्रेय द्यायलाच हवं. पुढे १९४४ च्या शिक्षण कायद्याने एक सौदा झाला. ‘व्हॉलंटरी एडेड’ शाळांमध्ये पगार, वीज, पुस्तकं, सगळा रोजचा खर्च करदात्याचा. इमारतीच्या मोठ्या कामांचा काही वाटा, आता साधारण दहा टक्के, तेवढा शाळेने उचलायचा. त्या बदल्यात चर्चला व्यवस्थापन मंडळावर बहुमत मिळालं, प्रवेशाचे नियम ठरवायचा हक्क शाळेकडे राहिला आणि धर्मशिक्षण आपल्या पद्धतीने द्यायची मुभा मिळाली. यातल्या बऱ्याच शाळा आता अकॅडमी झाल्या आहेत, त्यांना तर त्या दहा टक्क्यांचंही बंधन नाही.

आज चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांहून जास्त शाळा आहेत आणि त्यांत सुमारे दहा लाख मुलं शिकतात. बहुतेक शाळा प्राथमिक. माध्यमिक कमी, आणि फक्त मुलग्यांच्या अगदी थोड्या. म्हणून त्यांच्याभोवती एवढं वलय.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांना याचं नवल वाटेल. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असं आपल्या राज्यघटनेचं कलम २८ सांगतं. (शाळेत सरस्वतीपूजन होतं ते सोडा, कागदावर तरी असं आहे.) इंग्लंडमध्ये उलट आहे. सरकारी शाळेत रोज सामूहिक उपासना व्हायला हवी असं कायदाच म्हणतो. नको असेल तर पालकांनी तसं कळवून मुलाला त्यातून काढायचं. आणि मुंबईची कॅथीड्रल किंवा पुण्याची बिशप्स यांच्यामुळे आपल्या डोक्यात बसलेलं अँग्लिकन शाळेचं चित्र फी भरणाऱ्यांच्या शाळेचं आहे. इथली शाळा माझ्या पगारातून कापलेल्या करावर चालते. त्यामुळे ‘त्यांची शाळा, त्यांचे नियम’ हे मला मान्य नाही. ती माझीही शाळा आहे.

पुढचं दार

२०१० च्या समता कायद्यात धर्मावरून भेदभाव करायला बंदी आहे. पण धार्मिक शाळांना प्रवेशापुरती सूट आहे. जागा रिकाम्या असतील तर त्यांना कोणालाही नाकारता येत नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त आले, की मात्र त्या आपल्या धर्माच्या कुटुंबांना आधी घेऊ शकतात. मग एक जादा फॉर्म येतो. किती वर्षं चर्चला येता, महिन्यातून किती रविवार, आणि खाली व्हिकरची सही.

इथल्या पालकांमध्ये यावर एक म्हणच आहे : गुडघे टेका, फी वाचवा. आपले लोकही मागे नाहीत. मूल प्राथमिक शाळेत असतानाच रविवारी चर्च सुरू होतं, आणि प्रवेशाचं पत्र आलं की रविवार पुन्हा मोकळा. ‘देव शेवटी एकच’ हे वाक्य इतक्या सोयीने वापरलेलं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. पण मी त्या पालकांवर दात खाणार नाही. नियमच ढोंगाला गुण देत असेल तर लोक ढोंग करणार.

शिवाय हा नियम दिसतो तितका धार्मिकही नाही. सलग काही वर्षं रविवारची सकाळ मोकळी ठेवणं, व्हिकरच्या ओळखीत असणं, दोन-दोन फॉर्म वेळेत भरणं कोणाला जमतं? रविवारची शिफ्ट करणाऱ्या नर्सला? टॅक्सी चालवणाऱ्याला? घरमालकाने नोटीस दिली की दुसऱ्या वस्तीत बिऱ्हाड हलवावं लागणाऱ्याला? चाळणी श्रद्धेची म्हणून लावतात आणि तिच्यातून गळतात गरीब. १८११ ची संस्था ज्यांच्यासाठी निघाली, तेच.

हे चर्चमधल्या माणसांनाही कळतं. चर्चच्या शिक्षण मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष, ऑक्सफर्डचे बिशप जॉन प्रिचर्ड यांनी २०११ मध्ये सुचवलं होतं की चर्चच्या कुटुंबांसाठी दहा टक्क्यांच्या आसपासच जागा राखाव्यात. चर्च ऑफ इंग्लंडच्या कितीतरी शाळा आजही रविवारची हजेरी मागत नाहीत, घरापासूनचं अंतर बघतात. म्हणजे हे जमतं. ज्या शाळा करत नाहीत, त्यांना ते करायचं नसतं.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. किती टक्के मुलांना मोफत जेवण मिळतं, हा आकडा प्रत्येक शाळेसाठी सरकारी संकेतस्थळावर असतो. मोफत जेवण म्हणजे घरचं उत्पन्न कमी. तो आकडा शेजारच्या दोन-तीन साध्या शाळांच्या आकड्याशी ताडून बघा. शेजारच्यांकडे तीस टक्के आणि इथे आठ असतील, तर शाळेचे ‘संस्कार’ कुठून येतात ते कळेल. ते घरूनच तयार होऊन येतात.

निकालाची मोजपट्टी

‘पण रिझल्ट बघा ना!’ बघू. प्राथमिक शाळा सोडताना सारख्या पातळीवर असलेल्या देशभरातल्या मुलांच्या तुलनेत, या शाळेतली मुलं सोळाव्या वर्षी जीसीएसईला किती पुढे गेली हे ‘प्रोग्रेस ८’ हा आकडा सांगतो. शून्य म्हणजे देशाची सरासरी. पण या आकड्यात मुलगा-मुलगी हा फरक धरलेला नाही, आणि जीसीएसईत मुली मुलग्यांच्या पुढे असतात. त्यामुळे फक्त मुलग्यांच्या शाळेला शून्य मिळालं असेल तर ती दिसते त्यापेक्षा बरी आहे, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. दुसरी गोष्ट, घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणारी मुलं सरासरीने जास्त प्रगती दाखवतात. म्हणजे आपलीच पोरं तो आकडा वर ढकलतात आणि आपणच तो आकडा बघून शाळेला नमस्कार करतो.

२०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन वर्षांसाठी तर हा आकडाच नाही, कारण त्या मुलांच्या प्राथमिकच्या परीक्षा कोविडमुळे रद्द झाल्या होत्या. मग उरतात नुसते गुण, आणि नुसते गुण शाळेने काय केलं यापेक्षा शाळेत कोण आलं हेच जास्त सांगतात.

मागचं दार

दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या पोरांना नववीतच अडकवायचं, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेरून बसवायचं, ही युक्ती महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही नवी नाही. इंग्लंडमध्ये फॉर्मचा नंबर वेगळा, एवढंच.

लंडनच्या आग्नेय टोकाला ऑर्पिंग्टनमध्ये सेंट ओलाव्हज ही शाळा आहे. सरकारी, चर्च ऑफ इंग्लंडची, शेवटची दोन वर्षं सोडली तर फक्त मुलग्यांची. प्रवेशपरीक्षा देऊनच आत जायचं, निकाल देशात वरच्या रांगेत. म्हणजे ग्रुपवरच्या स्वप्नातली शाळा. ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षात पुरेशा ग्रेड न मिळालेल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षासाठी परत येता येणार नाही, असं तिथे २०१७ मध्ये सांगण्यात आलं. पालकांनी कोर्टाचा रस्ता धरला. सुनावणीपर्यंत गोष्ट जायच्या आत शाळेने माघार घेऊन मुलांना परत घेतलं. मुख्याध्यापकांनी राजीनामा दिला आणि नंतरच्या स्वतंत्र चौकशीत शाळेच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले गेले. त्या वेळची माणसं गेली, पण प्रश्न गेला नाही. प्रवेशपरीक्षेतून निवडलेली हुशार मुलंही सरासरी खाली ओढतात म्हणून नकोशी होऊ शकतात, तर साधारण मुलाचं काय?

हा रोग चर्चच्या शाळांपुरता नाही. ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेने २०१८ मध्ये दाखवून दिलं की दहावीच्या वर्षात असलेली १९ हजारांहून जास्त मुलं अकरावीत, म्हणजे जीसीएसईच्या वर्षात, त्याच शाळेत नव्हती, आणि त्यातली जवळपास निम्मी दुसऱ्या कुठल्याच सरकारी शाळेच्या पटावर सापडली नाहीत. सगळ्यांनाच ढकललं असं नाही. पण काहींना नक्की ढकललं. फरक इतकाच की बाकीच्या शाळा फाटकावर क्रॉस लावून ‘प्रत्येक मूल देवाचं’ असं सांगत नाहीत.

एका शाळेच्या ओपन इव्हनिंगला मी विचारलं, सातवीत आलेल्या मुलांपैकी अकरावीपर्यंत किती टिकतात? उत्तर म्हणून मला चर्चची खिडकी आणि गायकवृंद दाखवण्यात आला.

मूल्यांना मार्क कोण देतं?

‘शाळेच्या मूल्यांची तपासणी होते की!’ होते. पण चर्चच्या शाळेतली उपासना आणि चर्चचं धर्मशिक्षण ऑफस्टेड तपासत नाही. त्यासाठी ‘सायम्स’ नावाची वेगळी तपासणी आहे, आणि ती चर्चच चालवतं. म्हणजे पेपर काढणारा, लिहिणारा आणि तपासणारा एकाच घरातले. अहवालात शहाणपण, आशा, समाजभाव, प्रतिष्ठा असे शब्द असतात. चांगले शब्द आहेत. पण ‘आमच्याकडे प्रतिष्ठा नाही’ असं कुठली शाळा छापेल?

मुलग्यांच्या शाळेत या शब्दांची खरी परीक्षा रविवारी होत नाही, ती फोनवर होते. ऑफस्टेडने २०२१ मध्ये शाळांमधल्या लैंगिक छळाची पाहणी केली, तेव्हा दहातल्या जवळजवळ नऊ मुलींनी सांगितलं की नको असलेले अश्लील फोटो-व्हिडिओ पाठवणं हे त्यांच्या किंवा मैत्रिणींच्या बाबतीत घडतंच. ते पाठवणारी पोरं कुठल्या तरी शाळेत शिकतात. वर्गात एकही मुलगी नसलेली शाळा मुलींबद्दल पोरांशी काय बोलते, हा प्रश्न आपण विचारत नाही. ‘लक्ष विचलित होणार नाही’ म्हणून उलट खूश होतो.

माझे सेक्युलर मित्र म्हणतील, मग बंदच करा ना असल्या शाळा. ते मला पटत नाही. ओव्हलच्या मैदानाला, म्हणजे १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने जिथे इंग्लंडला हरवलं त्याच मैदानाला लागून आर्चबिशप टेनिसन्स ही चर्च ऑफ इंग्लंडची मुलग्यांची सरकारी शाळा होती. १६८५ साली निघालेली. मध्य लंडनमध्ये मुलांची संख्या घटत गेली, शाळेच्या जागा भरेनात, आणि २०२३ मध्ये ती बंद झाली. जागा रिकाम्या असलेल्या शाळेला येईल त्याला घ्यावं लागतं, हे वर सांगितलंच. म्हणजे दार सताड उघडं ठेवणारी शाळा ग्रुपवरच्या यादीत कधी येत नाही, आणि एक दिवस तिला कुलूप लागतं. चाळणी लावणारीच्या दारात मात्र रांग. ही रांग आपण लावतो. त्यामुळे ‘सिस्टीमच तशी’ म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

चर्चच्या शाळेला मी दुसऱ्या कोणाच्या मापाने मोजत नाही. तिच्याच पुस्तकात मेंढपाळाची गोष्ट आहे. शंभरातलं एक मेंढरू हरवतं, तेव्हा तो नव्याण्णव मागे ठेवून त्या एकाला शोधायला निघतो. नव्याण्णवांची सरासरी चांगली दिसावी म्हणून एकाला कुंपणाबाहेर सोडणाऱ्या शाळेने फाटकावर काहीही लावावं, ती चर्चची शाळा नव्हे. तो नुसता चांगल्या पत्त्यावरचा क्लास आहे.

माझा मुलगा कदाचित नव्याण्णवांतला असेल. पण शाळा निवडताना मी तो शंभरावा आहे असं धरूनच फॉर्म भरणार आहे.