शेगडींतील निळी ज्योत

विज्ञानाच्या तासास मीं एकदां विचारलें, "तुमच्या घरच्या शेगडींतील वायु येतो कोठून?" एका विद्यार्थ्यानें तत्काळ उत्तर दिलें, "भिंतींतून!" वर्ग हंसला. मला मात्र वाटलें कीं, जोगेश्वरींतील किती वडीलमंडळींस याहून पुढचें सांगतां येईल?

मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर 'बॉम्बे हाय' नांवाचें तेलक्षेत्र आहे. 'सागर सम्राट' जहाजानें समुद्रतळ विंधून १९७४ सालीं तें शोधलें व मे १९७६ पासून तेथें उत्पादन सुरू झालें. तेलासवें वायुहि वर येतो; तो वाहून नेण्याची सोय नसेल तर तसाच जाळून टाकावा लागतो. समुद्रतळावरील नळांनीं तो उरणास येतो व तेथें शुद्ध होतो. या वायूस स्वतःचा वास नाहीं. गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंध मिसळतात. (ज्या वासानें आपण नाक मुरडतों, तो आपल्या रक्षणासाठीं असतो!) तरीहि देशाची गरज भागत नाहीं, म्हणून कतारसारख्या देशांतून द्रवरूप वायु जहाजांनीं आणावा लागतो.

पण खरी किंमत देयकावर छापलेली नसते. २७ जुलै २००५ रोजीं एक जहाज तेथील फलाटावर आदळून आग लागली व २२ माणसें गेलीं. पुढें १७ मे २०२१ रोजीं 'तौक्ते' वादळांत 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसें होतीं. नौदलानें खवळलेल्या समुद्रांतून पुष्कळांस वांचविलें, तरी सत्तरांहून अधिक प्राणांस मुकलीं. वादळाची सूचना कांहीं दिवस आधींच मिळालेली होती.

काम थांबविल्यास रोजचें नुकसान मोठें होतें, हें मी जाणतों. परंतु इशारा मिळतांच वेसाव्याचा कोळी होडी किनाऱ्यास ओढतो आणि त्या दिवसाची मिळकत सोडतो. त्याची पुंजी ती केवढी! म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं, परत फिरण्याचा हुकूम ठेकेदाराच्या किंवा तांडेलाच्या मर्जीवर ठेवूं नये. नफ्यातोट्याशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं अशा अधिकाऱ्याच्या हातीं तो असावा, आणि त्यानें सर्वांत आधीं रोजंदारीवरील माणसें किनाऱ्यास आणावीं. त्यापायीं वायूचा दर चार पैशांनीं वाढला, तर निदान माझ्या घरीं तरी कुरकुर होणार नाहीं.