पोपटी ‘शिवकालीन’ ठरवण्याची घाई कशाला?

थंडी पडू लागली की समाजमाध्यमांवर पोपटीची छायाचित्रे येऊ लागतात आणि त्यांखाली एक ओळ हमखास असते: ‘मावळ्यांचे शिवकालीन खाद्य’. या धाग्यात त्या ओळीची झडती घ्यायची आहे. पोपटीची रीत जुनी असावी याविषयी मला फारशी शंका नाही. पण तिचे जुनेपण आपण शेत सोडून गडावर शोधत आहोत.

ज्यांनी ती खाल्लेली नाही त्यांच्यासाठी आधी कृती. पेण, रोहा, अलिबाग या पट्ट्यात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, जाडे मीठ, ओवा आणि ऐपतीप्रमाणे अंडी, मसाला लावलेली कोंबडी, बटाटे. तोंडाशी पुन्हा पाला ठासून मडके शेतातच उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचे. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. साधारण अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडावे. ते चर्र करून उडाले की पोपटी झाली. बेल्जियमचा स्वयंपाकी जड झाकणाच्या भांड्यात गोमांसावर बिअर ओतून ते काही तास भट्टीत ठेवतो, तेव्हा तोही वाफच कोंडत असतो. त्याला द्रव बाहेरून आणावा लागतो. वालाची शेंग आपले पाणी सोबत घेऊन येते.

आता मडक्यातले जिन्नस तपासू. वाल खरोखर पुरातन आहे. संस्कृतात तो निष्पाव. चरकसंहितेत त्याचे गुणदोष सांगितले आहेत, आणि दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत त्याचे जळके दाणे मिळाले आहेत. बटाट्याची गोष्ट निराळी. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला, आणि ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. पोर्तुगीज रेवदंड्याला १७४० पर्यंत होते हे खरे, पण या प्रांतात बटाट्याची लागवड सर्रास झाली ती एकोणिसाव्या शतकात. शिवकाळात पेणच्या कुणब्याच्या मडक्यात बटाटा होता असे मानायला आधार काय?

गंमत अशी की पेरूमध्ये पाचामांका नावाचा प्रकार आहे. केचुआ भाषेत ‘पाचा’ म्हणजे जमीन, ‘मांका’ म्हणजे भांडे. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर मांस, बटाटे आणि बाकल्याच्या शेंगा रचून वर माती लोटतात. तिथे बटाटा घरचा आणि शेंग स्पॅनिशांबरोबर आलेली पाहुणी. आपल्याकडे नेमके उलटे. आणि ‘फक्त रायगडची पोपटी’ म्हणणाऱ्यांनी एकदा वलसाडकडे जावे. तिथे उपड्या मडक्यात पापडी, बटाटे आणि कंद असाच पाला घालून भाजतात आणि त्याला उंबाडियुं म्हणतात.

मग ‘शिवकालीन’ हे बिरुद आले कुठून? जिल्ह्याला ‘रायगड’ हे नाव १९८१ साली मिळाले. तोवर तो कुलाबा होता. नाव बदलले आणि पोपटीही गडावर चढली, असा माझा आपला तर्क. पण यात नुकसान आहे. मावळा पुढे आला की शेत राखणारा माणूस चित्रातून पुसला जातो. सारा आणि खंड मोजला जाई तो मळणीनंतरच्या धान्यावर. शेतातच हिरव्या खाल्लेल्या शेंगांची नोंद कोण ठेवणार? पोपटी दप्तरात सापडत नसेल तर त्याचे कारण मला यातच दिसते. खोताच्या हिशेबाबाहेर राहिलेले हे कुळांचे खाणे असावे. याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची जमीन कसायला नकार दिला. खोती कायद्याने रद्द झाली ती १९४९ च्या कायद्यानंतर. पोपटीचा इतिहास लिहायचा तर त्याची पार्श्वभूमी ही आहे.

आता त्याच शेतांचे बिनशेती भूखंड होत आहेत आणि फार्महाउसवर पोपटीसाठी शेंगा बाजारातून आणाव्या लागतात. म्हणून पेण-रोह्याच्या वाचकांना एक विनंती. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला दोन प्रश्न विचारा आणि उत्तर गाव व अंदाजे सालासह खाली लिहा: तुमच्या मडक्यात बटाटा केव्हा आला, आणि ज्या शेतात पोपटी लावत होता ते शेत तेव्हा कोणाच्या नावावर होते?