पटकीचा छडा आणि सशाचे आतडे

जिवाणू रोग कसा घडवतात हे प्राण्यांवरील प्रयोगांतून कळत नाही, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याचे आक्षेप तीन: प्राण्याचे शरीर माणसाचे नव्हे, पेशीसंवर्धनामुळे आता प्राण्यांची गरज उरलेली नाही, आणि मुक्या जिवाला वेदना देणे अन्यायाचे आहे. पटकीच्या संशोधनावर हे तिन्ही आक्षेप तपासून पाहता येतात.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्त्यात पटकीच्या जिवाणूचा शोध घेतला, पण प्राण्यांना ती बाधा करून दाखवणे त्यांना तेव्हा साधले नाही. पुढे जिवाणू रक्तात किंवा उदरपोकळीत टोचले गेले. प्राणी दगावले, पण पटकीचे जुलाब झाले नाहीत. मात्र यावरून प्राणी निरुपयोगी ठरत नाहीत, टोचण्याची जागा चुकीची ठरते.

कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी ही जागा बदलली. १९५३ मध्ये त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधून त्यात जिवाणू सोडले, तेव्हा तो भाग पाण्यासारख्या द्रवाने फुगला. १९५९ मध्ये जिवाणू गाळून काढलेल्या द्रवानेही तेच घडवले. जुलाब होतात ते जिवाणूने बाहेर सोडलेल्या विषामुळे, हे त्यातून सिद्ध झाले. मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्येच सशाच्या पिल्लांत पटकीसारखे जुलाब घडवून दाखवले होते. १९६० मध्ये रुग्णांच्या आतड्याचे नमुने तपासले गेले, तेव्हा अस्तर शाबूत आढळले. पटकीत अस्तर सोलवटून निघते, ही जुनी समजूत त्यामुळे मोडीत निघाली.

दुसरा आक्षेप अर्धाच खरा आहे. पटकीचे विष ओळखण्याचे काम पुढे संवर्धित पेशींवर होऊ लागले आणि तेवढ्यापुरती सशांची गरज संपली. पण कोणत्या द्रव्याचा शोध घ्यायचा, हे आधी सशानेच दाखवले होते. शिवाय आतड्यात वस्ती करण्यासाठी जिवाणूला विशिष्ट तंतू लागतात, हे १९८७ मध्ये उंदरांच्या पिल्लांत दिसले आणि १९८८ मध्ये मानवी स्वयंसेवकांत पडताळले गेले. पेशींच्या थराला ना आतड्याची हालचाल असते, ना प्रतिकारशक्ती. जिवाणूच्या वस्तीचा प्रश्न त्याच्यापुढे मांडताच येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि ज्ञानाची गरज सांगून तो उडवून लावता येत नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे पर्याय वापरावा, प्राण्यांची संख्या घटवावी, वेदना कमी करावी. पर्याय असताना केलेला प्राणिप्रयोग हा अपराधच मानला पाहिजे.

प्राणी-प्रारूप ही रोगाची नक्कल नाही. एक नेमका प्रश्न विचारण्याचे ते साधन आहे. प्रश्न स्पष्ट असावा, संसर्गाचा मार्ग रोगाशी जुळावा, उत्तराचा पडताळा माणसात घ्यावा आणि दुसरा उपाय नसावा. या चार अटी पाळणारा प्रयोग समर्थनीय आहे. त्यांतील एकही मोडणारा प्रयोग थांबवला पाहिजे.