स्टेपनी गेली, बाटली आली!

नवी गाडी घेताना आपण काय काय बघतो! सनरूफ आहे का, टचस्क्रीन केवढा, सीटला व्हेंटिलेशन आहे का... डिकी उघडल्यावर मात्र ‘चार बॅगा मावतील ना?’ एवढंच विचारून मोकळे. पुढच्या वेळी तिथली फळी उचलून बघा. काही गाड्यांमध्ये, विशेषतः सीएनजी आणि इलेक्ट्रिकच्या काही मॉडेल्समध्ये, खाली पाचवं चाक नसतंच. असते एक बाटली, एक पिटुकला कॉम्प्रेसर आणि कुणीच न वाचलेली एक पुस्तिका.

यात शोरूमवाल्याने गंडवलंय असं नाही बरं का. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये नियमच बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या पॅसेंजर गाडीला ट्यूबलेस टायर, हवा कमी झाली की सांगणारी टीपीएमएस यंत्रणा आणि रिपेअर किट असेल, तर ऑक्टोबर २०२० पासून स्टेपनीची सक्ती नाही. थोडक्यात, १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर ज्या जादा चाकाचा धंदा सुरू झाला आणि ज्याला आपण अजूनही त्या रस्त्याच्याच नावाने हाक मारतो, ते चाक आता ऑप्शनल झालंय.

मग ही बाटली करते काय? फंडा सिंपल आहे. आत दुधासारखा पातळ द्रव असतो, बहुतेकदा रबराचा चीक म्हणजे लॅटेक्स आणि ग्लायकोल. कॉम्प्रेसर तो व्हॉल्व्हमधून हवेबरोबर आत ढकलतो. चाक फिरलं की द्रव टायरच्या आतल्या बाजूला सगळीकडे पसरतो, भोकातून पळणाऱ्या हवेबरोबर तिकडे ओढला जातो आणि तिथेच अडकून बूच बनतो. म्हणूनच हवा भरून ‘बघू या टिकतेय का’ म्हणत चहा प्यायला थांबायचं नाही. लगेच निघायचं. नाहीतर सगळा माल टायरच्या तळाशी साचून बसतो. काही किलोमीटर गेल्यावर थांबून प्रेशर पुन्हा बघायचं. स्पीड ८० च्या आत, किटबरोबर तसा स्टिकरच येतो. आणि घुसलेला खिळा उपटायचा नाही! तोही बुचाचाच भाग असतो.

हे सगळं मला पुस्तिकेतून नाही, मैत्रिणीमुळे कळलं. गेल्या पावसाळ्यात तिच्या गाडीतून एक्स्प्रेस-वेने पुण्याला येत होतो. रात्रीचे साडेदहा, रसायनीच्या आसपास डॅशबोर्डवर पिवळा दिवा. कडेला घेतली. डावं मागचं चाक. ती म्हणाली, ‘तू डावीकडून उतर आणि रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभी राहा. गाडीत बसायचं नाही.’ मला वाटलं, ड्रामा करतेय. पण पलीकडे उभं राहून बघितलं आणि बोलती बंद. शेजारून ट्रक गेला की अख्खी गाडी हलत होती. लाल त्रिकोण मागे ठेवून, बाटली जोडून, हवा भरून दहा-बारा मिनिटांत आम्ही तिथून निघालो. जॅक लावून, पाना घेऊन नट काढत बसलो असतो तर? दोघींना मिळून अर्धा तास तरी सहज लागला असता, तोही त्या पावसात आणि अंधारात.

माझ्या मते या बाटलीची खरी किंमत तीच आहे. ती पंक्चर काढत नाही, धोक्याच्या जागेवरून तुम्हाला बाहेर काढते. आणि चाक उजवीकडचं, म्हणजे ट्रॅफिकच्या बाजूचं असेल, तर मी बाटलीही बाहेर काढणार नाही. हळूहळू गाडी सुरक्षित जागेपर्यंत नेईन. टायर मेला तर मेला, नवा मिळतो. (रिकाम्या टायरवर गाडी चालवली की मग सीलंटचाही उपयोग नसतो, टोइंगच बोलवावं लागतं. बोलवायचं!)

अजून कुठे ही बाटली हात टेकते? टायरच्या साइडवॉलला चीर गेली, भोक साधारण सहा मिलिमीटरपेक्षा मोठं असलं, खड्ड्यात आपटून रिम वाकली, तर काही होणार नाही. आपल्या रस्त्यांवर हे तिन्ही प्रकार दुर्मिळ नाहीत, त्यामुळे ‘किट आहे ना, नो टेन्शन’ हा सेल्समनचा डायलॉग अर्धाच खरा.

लोणावळ्यात पंक्चरवाल्याने चाक हातात घेतल्या घेतल्या विचारलं, ‘ताई, आत पांढरं टाकलंय का? आधी सांगा, नाहीतर खोलल्यावर अंगावर येतं.’ सांगायलाच हवं. काही स्प्रे कॅनमध्ये तर ज्वलनशील गॅस असतो. त्याने आतून धुऊन पॅच मारला, टीपीएमएसचा सेन्सरही पुसून घेतला. काही टायरवाले असं चाक हातच लावत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

विकत घेणार असाल तर कॉम्प्रेसरवालं किटच घ्या. नुसता दाबून मारायचा स्प्रे कॅन स्वस्त आणि सुटसुटीत असतो, पण त्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात नागपुरात उन्हात लावलेल्या गाडीला हे कोण समजावणार? बाटलीला एक्सपायरी असते, एकदा वापरली की नवी आणावी लागते. आणि पेट्रोल पंपावर आधीच टायरमध्ये भरून देतात ते हिरवं जेल वेगळं, दोन्हींची गल्लत नको.

ज्यांच्या डिकीत अजून स्टेपनी आहे, त्यांनी ती काढून बॅगांसाठी जागा वगैरे करू नका, प्लीज. फक्त तिच्यात शेवटची हवा कधी मारली होती, ते आठवतंय का बघा. किटमधला कॉम्प्रेसर त्या कामालाही चालतो.