गाणं कोणाचं, नाव कोणाचं?

जयंती जवळ आली की आमच्या वस्तीत दोन गोष्टींची धावपळ सुरू होते. एक वर्गणीची आणि दुसरी गाण्यांची. वर्गणीचा हिशेब आमच्याकडे असतो, कारण आम्ही पडलो कारकून. गाण्यांचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही. यंदा तोही ठेवण्याची पाळी आमच्यावर आली. ती हकीकत वाचक बंधुभगिनींच्या कानावर घालावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या ओळीत एक आत्याबाई राहतात. दिवसभर मांडीवर सूप घेऊन त्या बिड्या वळतात. हात चालू असतात आणि ओठांवर गाणे जुळत असते. शाळा दोन इयत्ता झालेली, पण शब्द असे की ऐकणारा थबकावा. त्यांचा भाचा पुण्याला कारखान्यात आहे, तो कॅसिओ वाजवतो. एक नात्यातली मुलगी नागपूरला शिकते, तिचा गळा गोड. गाणे करायचे तिघांनी, आणि तिघे तीन गावी. गोंदियाहून पुण्याला यायचे-जायचे म्हणजे खाडे आणि भाडे. कामगार माणसाला ते परवडते कुठे?

२०२० च्या १४ एप्रिलला टाळेबंदीमुळे आपण सर्वांनी जयंती घरातच साजरी केली. घरी बसून गाणे मोबाइलवर भरायचे, हे पुष्कळांना तेव्हा कळले. भाच्याने ‘ऑडॅसिटी’ नावाचे सॉफ्टवेअर संगणकावर घेतले. २००० सालापासून ते जगभर फुकट मिळते. आमच्या खतावणीत जसे प्रत्येकाचे खाते वेगळे, तसा यात प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर राहतो. एकाचे चुकले तर तेवढेच पुन्हा भरायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

फोनवर तिघांनी एकदमच गाऊ, असे आधी ठरले होते. ते जमले नाही. सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाएवढा उशीर झाला तरी ताल ढळू लागतो, आणि फोनवर उशीर त्याहून जास्त होतो. मग भाच्याने ठरलेल्या लयीत नुसती ढोलकी भरून पाठवली. आत्याबाईंनी ती कानात लावून ऐकायची आणि दुसऱ्या मोबाइलवर गायचे. पहिल्या खेपेला गाण्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू आला! दुसऱ्या खेपेला पहाटे, पंखा बंद करून, भिंतींवर गोधड्या टांगून गायल्या. व्हॉट्सॲपवर साधा आवाज पाठवला तर तो दाबला जातो आणि त्याचा कस जातो. म्हणून वेव्ह प्रकारची फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली. एका आवाजाच्या एका मिनिटाला सुमारे ५ एमबी लागतात. प्रत्येकाने ढोलकीच्या पहिल्या ठोक्यापासून भरले की पुण्यात सगळे बरोबर जुळते.

ही रीत नवी आहे असेही नाही. अमेरिकेत बेन गिबर्ड आणि जिमी टॅम्बोरेलो हे दोघे वेगवेगळ्या शहरांत राहून टपालाने एकमेकांना संगीत पाठवत. त्यातून २००३ साली ‘गिव्ह अप’ हा गीतसंग्रह निघाला आणि जोडीचे नावच ‘पोस्टल सर्व्हिस’ पडले. आपल्याकडे तर वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले, आणि त्यांची गाणी त्यांनी कधी न पाहिलेल्या गावांतही गायली गेली. एकाने लिहायचे, दुसऱ्याने गायचे, हीच तर आपल्या जलशांची चाल.

असो. गाणे तयार झाले. भाच्याने ते मोबाइलवर सगळीकडे पाठवले. खाली लिहिले होते, संगीत अमुक, गायिका तमुक. वस्तीत वाहवा झाली. आत्याबाईंनी शेजारच्या पोराकडून खालची अक्षरे वाचून घेतली आणि शांतपणे विचारले, “गाणं तं माह्यं हाये, मंग माह्यं नाव काऊन नाही?”

आम्ही निरुत्तर झालो. भाचा वाईट नाही. शब्द त्याने उतरवून घेतले आणि लेखणी त्याच्या हातात होती, इतकेच. पण ज्याच्या हातात लेखणी त्याचेच नाव, या रिवाजाने आपल्या किती माणसांचे श्रम बेवारस झाले, हे आपल्यालाच दुसऱ्याने सांगावे काय?

आम्ही भाच्याला फोन लावला. त्याने तासाभरात चूक दुरुस्त केली आणि आत्याबाईंची माफी मागितली. पण दुसरा भाचा असा असेलच असे नाही, म्हणून कायदा समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा हक्क संगीतकाराचा. तो गाणे रचताच लागू होतो, नोंदणी सक्तीची नाही. गीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे तो वारसांकडे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षेच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटाही पक्का केला. वारस किंवा हक्कसंस्था सोडून इतर कोणालाही तो लिहून देता येत नाही.

आमच्या तिघांनी आता एक कागद केला आहे. शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, तारीख कोणती आणि चार पैसे आलेच तर वाटे कसे. खाली तिघांच्या सह्या. आत्याबाई अंगठा लावतील असे आम्हाला वाटले होते. त्यांनी पेन मागून घेतला आणि वेळ लावून, पण पुरे नाव लिहिले.

आपल्याही घरात जात्यावर, धुऱ्यावर, बिड्यांच्या सुपाशी कोणी माय-मावशी गाणी जुळवत असेल. ती जरूर भरून घ्या, दूरच्या पोरांकडे पाठवा. पण फाइल पाठवण्याआधी तिच्यावर नाव घाला. आमच्या वर्गणीच्या वहीत मागच्या बाजूला आता गाण्यांचे खाते उघडले आहे. पहिली नोंद आत्याबाईंची आहे.