कावेरीकाठची अभिलाषा

कुंभकोणम्‌जवळच्या इन्नंबूर गावी शंकराचे जे प्राचीन देवालय आहे, तेथे आजही मुलांचा अक्षरारंभ होतो, आणि अगस्त्य ऋषींना तमिळ व्याकरणाचे ज्ञान येथेच झाले अशी तेथील श्रद्धा आहे. परंतु याच अगस्त्यांनी कावेरीला कमंडलूत कोंडून ठेवले होते आणि गणपतीने काकरूपाने तो उलथविला तेव्हाच ती वाहू लागली, ही आख्यायिका मला अधिक मननीय वाटते. ज्याला पाणी प्रिय, त्यालाच ते कोंडण्याचा मोह पडला.

ति. जानकीरामन् (१९२१–१९८२) यांच्या ‘मोगमुळ्’ या कुंभकोणम्‌च्या परिसरात घडणाऱ्या कादंबरीत हाच मोह मनुष्यरूपाने वावरतो. कथानायक बाबू ज्या यमुनेसाठी वर्षानुवर्षे झुरतो ती वयाने त्याच्याहून बरीच मोठी, आणि तंजावरच्या मराठी मातेची कन्या. भोसल्यांचे राज्य १८५५ साली खालसा झाले, तरी त्याच्या आश्रयाने तेथे स्थिरावलेली घराणी कादंबरीत अशी भेटतात. तिचा नकार तो मोडीत नाही, तिच्या होकाराची वाट पाहतो. आणि गानविद्येचा बाजार मांडू न इच्छिणारे रंगण्णा त्याला गुरू म्हणून लाभतात, हा लेखकाच्या योजनेतील निव्वळ योगायोग नव्हे.

सृष्टिरक्षणाच्या आमच्या प्रवचनांत वासनेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा प्रघात आहे, तो मला मान्य नाही. प्राचीन राजा करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कावेरीवरील कल्लणै बंधारा हादेखील भाताच्या अभिलाषेतूनच उभा राहिला. फरक एवढाच की ‘कुडिमरामत्तु’च्या रिवाजाने पाटांतला गाळ उपसण्याची जबाबदारीही गावाने पत्करली होती. अर्थात त्या काळाचे गोडवे जपूनच गावेत, कारण मिरासदारांच्या शेतांत प्रत्यक्ष राबत ते वेठबिगार पण्णैयाळ.

आज घेणे तेवढे उरले आहे, वाट पाहणे सरले आहे. शहरांच्या इमारतींसाठी कावेरीच्या व तिची शाखा असलेल्या कोळ्ळिडम्‌च्या पात्रांतील वाळू उपसली जाते, आणि २०१८च्या ऑगस्टात मुक्कोंबूच्या जुन्या बंधाऱ्याची दारे पुरात वाहून गेली तेव्हा अनेकांनी या उपशाकडेच बोट दाखविले. पुढे २०२० साली तमिळनाडू सरकारने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरवून तेल व वायूच्या नव्या उत्खननास मनाई करणारा कायदा केला, हे उत्तमच झाले. आधीपासून चालू असलेल्या विहिरी मात्र त्याने जशाच्या तशा राहू दिल्या आहेत.